सल्ला हवा आहे : अतोसा राणीवर बोलायचे आहे, काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि कशावर विश्वास ठेवावा?

पिंपळपान

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दिवाळीनंतर व्याख्यानमाला होते आणि यंदा तिचा विषय 'सिंहासनाशेजारच्या स्त्रिया' असा आहे. येसूबाई, ताराबाई आणि अहिल्याबाई यांच्यावर बोलणारी जाणकार मंडळी आमच्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी मुद्दाम दूरची वाट धरली आणि प्राचीन इराणमधील अतोसा हिची निवड केली. ती सायरसची मुलगी, डरायसची पत्नी आणि झर्क्सीसची आई; तिघेही पर्शियाचे, म्हणजे प्राचीन इराणचे, सम्राट. ज्या साम्राज्याचा विस्तार एका टोकाला सिंधूपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्रापर्यंत होता, त्याच्या पहिल्या तीन पिढ्या या एका स्त्रीभोवती गुंफलेल्या आहेत, एवढे कळल्यावर विषय सोडवेना.

अडचण अशी की महाजालावर जे लेख सापडतात ते एकमेकांची नक्कल वाटतात. कुठे ती ग्रीसवरील स्वारीची सूत्रधार आहे, कुठे ती पडद्याआडून राज्य करणारी कारस्थानी राणी आहे, तर कुठे स्तनाच्या कर्करोगाची इतिहासातील पहिली रुग्ण आहे. यातले काय खरे धरावे हे मला ठरवता येत नाही. मला ग्रीक किंवा जुनी पर्शियन येत नाही. इंग्रजी व्यवस्थित वाचता येते. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि महाविद्यालयातील मुले असतील, आणि बोलायला साधारण तासभर मिळेल. कोणते मूळ लेखन आधी वाचावे, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसवर कितपत भिस्त ठेवावी आणि कर्करोगाचा उल्लेख करावा की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_बखर

पिंपळपान, विषय चांगला आहे. परंतु माझा पहिला सल्ला असा की अतोसाचे चरित्र सांगायला जाऊ नका. सलग चरित्र उभे राहील एवढी सामग्री तिच्याबाबत नाही, आणि जे लेखक तसे चरित्र सांगतात ते मधल्या जागा आपल्या कल्पनेने भरतात. तिच्याविषयी कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने लिहिले हे मात्र भक्कमपणे सांगता येते, आणि माझ्या मते व्याख्यानाचा कणा तोच असावा.

वाचायला सुरुवात हिरोडोटसपासूनच करा, कारण टाळून जाण्यासारखा तो लेखक नाही. मात्र त्याचे सगळे नऊ खंड वाचण्याची गरज नाही. तिसऱ्या खंडातील ३१, ६८, ८८ आणि १३३-१३४ ही प्रकरणे आणि सातव्या खंडातील पहिली चार प्रकरणे एवढे वाचले की अतोसाविषयीचा जवळजवळ सगळा मजकूर हाती येतो. गॉडलीचे जुने इंग्रजी भाषांतर महाजालावर विनामूल्य आहे. जॉर्ज रॉलिन्सनचे त्याहून जुने भाषांतरही मिळते. त्याला त्याचा थोरला भाऊ हेन्री याच्या टिपा आहेत, आणि पश्चिम इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावरील डरायसचा लेख उतरवून घेणारा हा हेन्री रॉलिन्सन मूळचा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी होता. तुमच्या श्रोत्यांना हा धागा आवडेल, पण त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता या प्रकरणांत काय सापडते ते पाहा. इ.स.पू. ५३० मध्ये सायरस मरण पावला आणि त्याचा मुलगा कंबायसिस गादीवर आला. हिरोडोटस सांगतो की कंबायसिसने आपल्याच बहिणींशी लग्न केले. त्याने राजाच्या न्यायाधीशांना विचारले, तेव्हा भावाने बहिणीशी लग्न करावे असा कायदा त्यांना कुठे सापडला नाही. परंतु पर्शियाच्या राजाला हवे ते करण्याची मुभा देणारा दुसरा कायदा त्यांनी शोधून काढला. ही गोष्ट श्रोत्यांना जरूर सांगा, पण ती परदेशी राजाची टवाळी करणारी गोष्ट आहे हेही लक्षात ठेवा. कंबायसिस इ.स.पू. ५२२ मध्ये मेला. त्यानंतर काही महिने जो गादीवर होता तो सायरसचा धाकटा मुलगा बर्दिया होता की त्याचे सोंग घेतलेला गौमाता नावाचा पुरोहित होता, हा वाद अजून मिटलेला नाही. डरायसने त्याला ठार मारले आणि तो सोंगाड्या होता असे कड्यावर कोरून ठेवले. हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे अतोसा आधी कंबायसिसची, मग या माणसाची आणि शेवटी डरायसची पत्नी झाली.

माझ्या मते विचार करण्यासारखी खरी जागा हीच आहे. डरायस सायरसचा मुलगा नव्हता, नातूही नव्हता. बेहिस्तूनच्या लेखात तो आपण त्याच राजकुळातले आहोत असे पुन्हा पुन्हा सांगतो, आणि ते इतक्या वेळा सांगावे लागले यातच त्याची अडचण दिसते. गादीवर बसताच त्याने सायरसच्या दोन मुली, अतोसा आणि अर्तिस्तोने, आणि बर्दियाची मुलगी पार्मिस या तिघींशी लग्न केले. या लग्नांचा अर्थ केवळ जवळीक असा नाही. सायरसच्या रक्ताच्या स्त्रिया दुसऱ्या कोणा सरदाराच्या घरी गेल्या असत्या, तर त्यांच्या पोटी जन्मलेले मूल पुढे गादीचे दावेदार झाले असते. ती वाट डरायसने बंद केली. अतोसाचा प्रभाव शोधायचा तर तो आधी इथे शोधावा, कारण तिने काही करण्याआधीच तिचे असणे हाच सत्तेच्या दृष्टीने मोठा मुद्दा होता. गंमत अशी की डरायसचा कड्यावरचा लेख तीन भाषांत आहे आणि चांगला लांबलचक आहे, पण या लग्नांविषयी त्यात एक अक्षर नाही.

पुढची पायरी म्हणजे वारसाचा प्रश्न. डरायसला राजा होण्यापूर्वी गोब्रायस नावाच्या सरदाराच्या मुलीपासून तीन मुले झाली होती आणि त्यांतला थोरला अर्तोबझानेस हा गादीवर हक्क सांगत होता. झर्क्सीस अतोसाचा मुलगा. तो वयाने लहान, पण बाप राजा झाल्यावर जन्मलेला आणि आईकडून सायरसचा नातू. हिरोडोटस सांगतो की स्पार्टाहून आलेल्या देमारातस नावाच्या पदच्युत राजाने झर्क्सीसला युक्तिवाद सुचवला, आणि लगेच पुढे आपले मत देतो की या सल्ल्याविनाही झर्क्सीसच राजा झाला असता, कारण सगळी सत्ता अतोसाच्या हाती होती. महाजालावरील बहुतेक लेख या एका वाक्यावर उभे आहेत. त्याच्या शेजारी झर्क्सीसचा पर्सेपोलिस या राजधानीतील स्वतःचा शिलालेख ठेवून वाचा. तो म्हणतो की डरायसला इतरही पुत्र होते, पण अहुरमज्दाची इच्छा तशी होती म्हणून पित्याने आपल्यानंतर मला सर्वांत मोठे केले. लेखात इतर पुत्र आहेत, देवाची इच्छा आहे, पित्याची निवड आहे, आई नाही. अर्थात यावरून आईचा हात नव्हता असे सिद्ध होत नाही. राजाच्या शिलालेखांत राणीचे नाव घेण्याची रीतच त्या दरबारात नव्हती.

सातव्या खंडातील सेनापतींची यादी (६१ ते ९९) रूक्ष म्हणून वगळू नका. इ.स.पू. ४८० च्या स्वारीत अतोसाचे आणखी तीन मुलगे मोठ्या पदांवर दिसतात. हिस्तास्पेस बॅक्ट्रियाच्या आणि शकांच्या तुकड्यांवर, मसिस्तेस पायदळाच्या सहा प्रमुख सेनानींपैकी एक, आणि अकेमेनेस इजिप्तच्या आरमारावर. ज्या राणीच्या चार मुलांपैकी एक सम्राट आणि तीन सेनाप्रमुख आहेत, तिचे वजन मोजायला अंतःपुरातील कुजबुजीची गरज नाही.

शंकेखोर

जुनी_बखर यांनी सविस्तर लिहिले आहे, पण त्यांच्याच लिखाणावरून मला वाटते की विषय बदलावा. ज्या स्त्रीचे एकही स्वतःचे वाक्य नाही आणि जिच्याविषयी मुख्य साक्षीदार तिच्या शत्रूंच्या बाजूचा आहे, तिच्यावर तासभर काय बोलणार? इराणच्याच इतिहासातून राणी हवी असेल तर सफवी काळातील खैरुन्निसा बेगम पाहा, जिला 'महद-इ-उल्या' म्हणत. ती माझंदरानच्या मरअशी घराण्यातली. तिच्या बापाला भाऊबंदकीत ठार मारण्यात आले आणि तिला कझवीनच्या दरबारात आश्रय घ्यावा लागला. तिचा नवरा मोहम्मद खुदाबंदा जवळजवळ आंधळा होता, त्यामुळे इ.स. १५७८ मध्ये तो गादीवर बसताच कारभार हिच्याकडे आला. नणंद परीखान खानम हिने त्याआधी दरबारावर पकड बसवली होती. फेब्रुवारी १५७८ मध्ये तिला गळा आवळून मारण्यात आले. नंतर सुमारे सतरा महिने खैरुन्निसाने नेमणुका केल्या, उस्मानी आणि क्रिमियाच्या फौजांविरुद्ध शिरवानवर निघालेल्या मोहिमेत ती स्वतः गेली, आणि बापाच्या वैऱ्याच्या मुलाला अमीरांनी शपथपूर्वक अभय दिलेले असतानाही त्याला मारवले. ही शेवटची गोष्ट किझिलबाश (सफवींच्या तुर्कमेन लढाऊ टोळ्यांच्या) अमीरांना सहन झाली नाही. क्रिमियाच्या खानाच्या कैदी भावाशी तिचे संबंध असल्याचा आळ घेऊन २६ जुलै १५७९ रोजी त्यांनी अंतःपुरात शिरून तिला आणि तिच्या म्हाताऱ्या आईला ठार मारले. तिचाच मुलगा पुढे शाह अब्बास म्हणून प्रसिद्ध झाला.

इथे तारखा आहेत, माणसे आहेत, कारणे आहेत आणि शाह अब्बासच्या दरबारातील मुन्शी इस्कंदर बेग याने लिहिलेली तवारीख आहे. श्रोते खिळून राहतील.

पिंपळपान

शंकेखोर, खैरुन्निसा बेगमविषयी मला काहीच माहीत नव्हते. पुढच्या वर्षी विषय जुळला तर तिच्यावर नक्की बोलेन. पण जुनी_बखर यांचे वाचल्यावर अतोसा सोडण्याऐवजी तिच्याकडे पाहण्याची दिशा बदलावी असे वाटू लागले आहे. मला आता विचारायचे आहे ते असे : ग्रीक लेखकांखेरीज इराणच्या बाजूचा काहीच पुरावा नाही का? राजघराण्यातील स्त्रिया त्या काळी काय करत, त्यांच्याजवळ स्वतःचे काही होते का, हे कळायला दुसरी वाट आहे का?

जुनी_बखर

आहे, आणि ती वाट हिरोडोटसपेक्षा जास्त मनोरंजक आहे. शंकेखोर यांचा आक्षेप याच पुराव्यामुळे मला अर्धाच मान्य आहे.

इ.स. १९३३ मध्ये शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे एर्न्स्ट हर्झफेल्ड पर्सेपोलिसला उत्खनन करत असताना तटबंदीतल्या खोल्यांत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. लिपी कीलाकार, भाषा बहुतांशी एलामी (नैऋत्य इराणमधील एक प्राचीन भाषा), आणि मजकूर म्हणाल तर कोठाराचे हिशेब : कोणाला किती धान्य दिले, किती मद्य दिले, कोणाच्या आज्ञेवरून दिले आणि मोहोर कोणाची. काळ डरायसच्या कारकिर्दीतील, इ.स.पू. ५०९ ते ४९३. रिचर्ड हॅलक याने त्यांतील २,०८७ पाट्यांचे वाचन इ.स. १९६९ मध्ये छापले आणि तो जाडजूड ग्रंथ संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो. तो पहिल्या पानापासून वाचू नका, झोप लागेल. सूचीत 'इर्तशदुना' हे नाव शोधा.

इर्तशदुना म्हणजे ग्रीकांची अर्तिस्तोने, अतोसाची बहीण आणि सवत. हिरोडोटस म्हणतो की डरायसचे सर्वांत जास्त प्रेम हिच्यावर होते आणि त्याने तिची सोन्याची प्रतिमा घडवून घेतली होती. प्रतिमा काही सापडलेली नाही. पाट्यांत मात्र इ.स.पू. ५०३ मधील हुकूम आहेत : राजाच्या आज्ञेवरून राजकन्या इर्तशदुना हिला १०० मेंढ्या द्याव्यात, आणि मद्य २०० मर्रिश द्यावे. एक मर्रिश म्हणजे साधारण साडेनऊ-दहा लिटर, तेव्हा हे मद्य दोन हजार लिटरच्या आसपास जाते. एवढे एका माणसासाठी नसते. काहीतरी मोठी मेजवानी असणार. दुसऱ्या पाट्यांत ती स्वतः हुकूम देते. तिच्या मालकीच्या जागा होत्या, त्यांवर कारभारी होते, आणि तिचा शब्द तिच्या स्वतःच्या मोहोरेसह कोठारात पोहोचत असे. मुलगा अर्साम याच्या जोडीनेही तिचे नाव येते.

इर्दबामा नावाची आणखी एक स्त्री आहे जिचा ग्रीक लेखकांना पत्ताच नाही. शिराझच्या परिसरात तिच्याकडे शेकडो मजूर कामाला होते, त्यांच्या शिध्याचे हिशेब आहेत, आणि ती दूरदूरचा प्रवास करताना दिसते. जनानखान्यात कोंडलेली राणी हे चित्र या हिशेबांपुढे टिकत नाही.

आणि अतोसा? 'उदुसाना' या रूपात तिचे नाव मोजक्या पाट्यांवर वाचले गेले आहे. तिथेही धान्य, पीठ, पुरवठा एवढेच. पण डरायसच्या कारकिर्दीत, पर्सेपोलिसच्या कारकुनाने, कोणालाही काही पटवून देण्याचा हेतू न ठेवता लिहिलेला हा उल्लेख आहे, आणि म्हणून मला तो हिरोडोटसच्या अख्ख्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. व्याख्यानात बहिणीच्या पाट्यांवर जास्त वेळ द्या आणि अतोसाचे घरही याच धर्तीचे असावे, असे अनुमान म्हणून सांगा. वस्तुस्थिती म्हणून सांगू नका.

या सगळ्याचा अर्थ कसा लावायचा यासाठी दोन अभ्यासिकांचे लेखन वाचा. हेलेन सान्सिसी-वीरडेनबुर्ग या डच इतिहासकार बाईंनी इ.स. १९८३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ग्रीक लेखकांनी रंगवलेली पर्शियन स्त्री हा त्यांचा साचा आहे हे दाखवून दिले. अतोसाच्या नावानेच तो निबंध ओळखला जातो. मारिया ब्रोसियस यांचे प्राचीन पर्शियातील स्त्रियांवरील इ.स. १९९६ चे पुस्तक पाट्या आणि ग्रीक लेखन एकत्र ठेवून तपासते. वेळ कमी असेल तर ब्रोसियस यांचे पुस्तक घ्या, आणि तेवढाही नसेल तर इराणिका विश्वकोशातील अतोसावरील छोटी नोंद वाचा. ती महाजालावर खुली आहे.

वैद्यकीवाली

कर्करोगाविषयी मी सांगते, कारण हा माझ्या व्यवसायाचा प्रांत आहे. हिरोडोटसच्या तिसऱ्या खंडातील मजकूर असा आहे की अतोसाच्या स्तनावर एक गाठ आली, ती फुटली आणि पसरत गेली. गाठ लहान होती तोवर तिने लाजेने कोणाला सांगितले नाही. पुढे त्रास वाढला तेव्हा तिने देमोसेदेस या वैद्याला बोलावले. तो दक्षिण इटलीतील क्रोटोनचा, कैदी होऊन दरबारात आलेला, आणि डरायसचा मुरगळलेला घोटा बरा करून नावारूपाला आलेला. मी मागेन ते द्यावे लागेल, अशी शपथ त्याने तिच्याकडून घेतली आणि तिला बरे केले.

या वर्णनात फुटलेली गाठ आहे आणि पूर्ण बरे होणे आहे. शस्त्रक्रियेचा उल्लेख नाही. कर्करोग होता असे म्हणण्यासारखे यात काही नाही. स्तनातील गळू किंवा जंतुसंसर्ग ही शक्यता मला जास्त वाटते, विशेषतः जिला अनेक बाळंतपणे झाली त्या स्त्रीच्या बाबतीत. तरीही हे माझे अनुमानच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तीन ओळींवरून कोणीही निदान करू नये. कर्करोगाचा दावा अलीकडे एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकामुळे पसरला आहे, म्हणून तुमच्या श्रोत्यांपैकी कोणीतरी तो प्रश्न नक्की विचारेल. तेव्हा टाळू नका. हिरोडोटसचे शब्द वाचून दाखवा. लाजेने आजार लपवण्याचा भाग मात्र वाचल्याशिवाय राहू नका, गृहिणी ऐकायला असतील तर मुळीच नाही.

शंकेखोर

पाट्यांचे मान्य. पण वैद्यकीवाली यांनी सांगितलेल्या प्रसंगाचा उत्तरार्धही सांगायला हवा. बरी झाल्यावर अतोसा रात्री शय्येवर डरायसला डिवचते की एवढी सत्ता असून तुम्ही स्वस्थ बसता, काही नवा मुलूख जिंकत नाही. ग्रीसवर चाल करा, मला स्पार्टाच्या, आर्गोसच्या, अथेन्सच्या आणि कोरिंथच्या दासी हव्यात. आणि हे सगळे देमोसेदेसने पढवलेले, कारण त्याला टेहळणीच्या निमित्ताने घरी पळायचे होते. म्हणजे एका महायुद्धाचे मूळ एका वैद्याच्या घरओढीत आणि एका राणीच्या दासींच्या हौसेत! हे कोणी गंभीरपणे घ्यावे?

जुनी_बखर

गंभीरपणे घ्यावे ते एवढेच की ही गोष्ट कोणाची आहे. शयनगृहात राजा आणि राणी दोघेच होते, आणि दोघांपैकी कोणीही ती हिरोडोटसला सांगितलेली नाही. डरायस मेला तेव्हा हिरोडोटस बहुधा जन्मलाही नव्हता. देमोसेदेस मात्र खरोखर क्रोटोनला पळून गेला असे हिरोडोटस सांगतो, आणि ही कथा त्याच्याच गावी घडत गेली असावी. आपल्या वैद्याने सम्राटाच्या राणीला बरे केले आणि सम्राटालाही फिरवले, असे सांगण्यात गावाला अभिमान वाटणारच. व्याख्यानात हा प्रसंग रंगवून सांगा, पण क्रोटोनची कथा म्हणून सांगा. साम्राज्याच्या पश्चिम सीमेवर आयोनियातील नगरांनी इ.स.पू. ४९९ मध्ये बंड केले, अथेन्सने त्यांना जहाजे पाठवली, पर्शियनांचे तिथले ठाणे सार्डिस जळाले. स्वारीची कारणे शोधायची तर तिथे पुरेशी आहेत.

एक सावधगिरीची सूचना. याच घराण्यात पुढे दुसरी एक अतोसा होऊन गेली, अर्तक्षर्क्सीस दुसरा याची मुलगी, जिच्याशी त्याने स्वतःच लग्न केले असे नंतरचा ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो. आपली अतोसा तिच्याहून शतकाभरापेक्षा आधीची. महाजालावरील काही लेखांत दोघींच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तसेच, पत्रे लिहिण्याची रीत अतोसाने प्रथम सुरू केली असे हेल्लानिकस या ग्रीक लेखकाच्या नावावर सांगितलेले एक विधान पुढच्या लेखकांनी जपून ठेवले आहे; ते मजेशीर म्हणून सांगायला हरकत नाही, पण त्यावर काही बांधू नका.

नाटकवेडी

या चर्चेत ग्रीक नाटककार एस्किलसचे नाव अजून आले नाही याचे नवल वाटते. त्याचे पर्शियनांवरील नाटक इ.स.पू. ४७२ मध्ये अथेन्समध्ये झाले. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत ते सर्वांत जुने आहे आणि त्याचा खर्च पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीसने उचलला होता. सालामिसच्या समुद्री लढाईतील पर्शियनांच्या पराभवाला आठच वर्षे झाली होती. प्रेक्षकांत लढलेली माणसे होती, लेखक स्वतः मॅरेथॉनला लढलेला होता, आणि रंगभूमीवर मुख्य पात्र कोण, तर शत्रूच्या राजाची आई.

हे नाटक तुम्ही जरूर वाचावे, पण हिरोडोटस आणि पाट्या वाचून झाल्यावर. आधी वाचले तर ही राणी डोक्यात इतकी पक्की बसते की मग दुसरे काही दिसत नाही. तिला स्वप्न पडते : दोन स्त्रिया, एक पर्शियन वेषात आणि दुसरी ग्रीक वेषात, झर्क्सीस दोघींना आपल्या रथाला जुंपतो, एक मान तुकवते, दुसरी जू मोडून टाकते. पुढे ती वृद्ध सरदारांना विचारते की अथेन्स आहे तरी कुठे आणि त्यांचा धनी कोण. मग दूत पराभवाची वार्ता आणतो, आणि ती डरायसच्या थडग्यावर तर्पण करून त्याच्या आत्म्याला बोलावते. हिरोडोटसच्या अतोसाला ग्रीक दासींची हौस आहे आणि एस्किलसच्या राणीला अथेन्स कुठे आहे हेही ठाऊक नाही. दोन ग्रीक लेखक, पन्नासेक वर्षांचे अंतर, आणि एकाच स्त्रीविषयी किती वेगळे सांगतात! तुमच्या तासभराच्या बोलण्यात हा मुद्दा मध्यावर आला तर श्रोते जागे राहतील.

नाटकाच्या संवादांत तिला 'अतोसा' अशी हाक कुठेही येत नाही. राणी आणि झर्क्सीसची माता एवढेच येते. पात्रयादीतील नाव मागाहूनचे आहे. तेव्हा "एस्किलसची अतोसा" असे म्हणताना थोडे जपून.

ग्रंथपाल_निवृत्त

पुस्तके कुठे पाहावीत याविषयी थोडेसे. मुंबईला येणे शक्य असेल तर फोर्ट भागात लायन गेटसमोर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. ही संस्था इ.स. १९१६ पासून इराणी आणि झरथुष्ट्री विद्येसाठी काम करते आणि तिचे ग्रंथालय याच विषयाचे आहे. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीही तिथून लांब नाही. दोन्ही ठिकाणी आधी दूरध्वनी करून, कोणता ग्रंथ हवा ते सांगून जावे. नुसते "इराणच्या राण्यांवरचे काही दाखवा" असे म्हटल्यास कर्मचाऱ्यांचाही नाइलाज होतो. पुण्यात डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय विचारून पाहावे.

मात्र मुंबईच्या फेरीशिवायही तुमचे भागेल. हिरोडोटस, एस्किलस, हॅलकचे पाट्यांचे वाचन आणि इराणिका विश्वकोश ही चारही साधने घरबसल्या मिळतात. फेरी करायचीच असेल तर ती ब्रोसियस यांच्या पुस्तकासाठी करा.

पिंपळपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता आराखडा असा धरते : सुरुवात डरायसच्या तीन लग्नांपासून, मग वारसाचा प्रश्न आणि झर्क्सीसचा शिलालेख, मध्यावर एस्किलस आणि हिरोडोटस समोरासमोर, आणि उरलेला सगळा वेळ पाट्यांना. आजाराचा प्रसंग वैद्यकीवाली यांनी सांगितल्याप्रमाणे वाचून दाखवीन.

एक शेवटची शंका. वाचनालयात पडदा आणि प्रक्षेपक आहे. अतोसाचे म्हणून महाजालावर जे चित्र फिरते ते दाखवावे का?

जुनी_बखर

दाखवू नका. अतोसाचे म्हणता येईल असे एकही समकालीन चित्र किंवा शिल्प नाही, आणि फिरणारी चित्रे आजच्या कल्पनेतली आहेत. पर्सेपोलिसला अपादाना या दरबार-महालाच्या जिन्यावर साम्राज्यभरच्या प्रजांची मिरवणूक कोरलेली आहे. तिचे छायाचित्र दाखवा आणि श्रोत्यांना त्यात स्त्री शोधायला सांगा. एलामी लोकांनी आणलेली सिंहीण सापडेल, स्त्री सापडणार नाही. त्यानंतर मोहोरांकडे वळा. इर्दबामाचा कारभारी राशदा जी मोहोर वापरत असे, तिच्यावर आसनस्थ स्त्री, तिच्यासमोर धूपदान आणि सेविका असा दरबारी देखावा आहे. राजाच्या भिंतीवर जे नाही ते कारभाऱ्याच्या बोटभर मोहोरेवर आहे. तिच्यासोबत एखाद्या पाटीचे छायाचित्र लावा. शिकागोच्या संस्थेने मोहोरांची रेखाटने आणि पाट्यांची छायाचित्रे उपलब्ध करून दिलेली आहेत.

मुलांपैकी कोणी या पाट्या आज कुठे आहेत असे विचारले, तर सांगा की त्या अभ्यासासाठी उसन्या म्हणून शिकागोला गेल्या होत्या, इराणविरुद्धच्या एका नुकसानभरपाईच्या दाव्यात त्या जप्त करून विकाव्यात अशी मागणी झाली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०१८ मध्ये ती फेटाळली आणि इ.स. २०१९ मध्ये त्यांतील १,७८३ पाट्या इराणला परत गेल्या. याआधी आणि नंतरही काही परत गेल्या आहेत, म्हणून "सगळ्या शिकागोत आहेत" असे मात्र म्हणू नका.